शिकारी बाईला शिलाई मशीन वाटणाऱ्या सावकारांस

प्रति,
श्री. सावकार,
अडत व्यापारी तथा संस्थापक-अध्यक्ष (प्रतिष्ठानाचं नाव चौकातल्या फ्लेक्सवर आहेच, इथे परत कशाला),
दुधनी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर

विषय : महिला दिनी वाटलेल्या 'जीवनोपयोगी वस्तूं'ची खुशाली कळविणेबाबत.

सावकार,

मार्चमध्ये तुम्ही वाटलेलं शिलाई मशीन एकदम सुस्थितीत आहे. त्यावर अजून एक टाकासुद्धा पडलेला नाही. तुमचा हसरा फोटो असलेला स्टिकरही जागचा हललेला नाही. पालावर पहिला वळीव कोसळला तेव्हा बाईने आधी पोरं आत घेतली, मग तुमचं मशीन आत घेतलं, आणि आत जागा उरली नाही म्हणून ती स्वतः ताडपत्रीच्या कडेला भिजत बसली. दानाचा एवढा मान आजकाल कोण राखतं?

मी कोण, तर तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारा माणूस. राहायला दुधनीत, पोटाला अक्कलकोटात. सातबारा, वारसनोंद, रेशनकार्ड, जातीचा दाखला, सगळ्यांची रडकथा आधी माझ्या टेबलावर येते आणि मग साहेबांच्या टेबलावर जाते. तेव्हा हे पत्रही अर्जाच्याच चालीने लिहितो. तुमच्यावरचा आरोप एका ओळीत असा : शिकारीवर वाढलेल्या बाईला उपयोगी भेट द्यायची म्हणून तुम्ही शिलाई मशीन दिलंत, आणि देण्याआधी 'बाई, तुला काय पाहिजे' एवढंही विचारलं नाहीत. बाईचं नाव लिहीत नाही. ते तुम्हालाही माहीत नाही. माइकवरून तिला 'लाभार्थी क्रमांक सात' असंच पुकारलं होतं.

आधी ती काय जाणते ते सांगतो. ती फासेपारध्याची. फास वळणं हे तिच्या घरात पोरीच्या बोटांना वळण लागायच्या वयातच शिकवतात. तितर कुठल्या वाटेने चरायला निघतो, लावा कुठल्या गवतात दबून बसतो, पिंजऱ्यातल्या पाळीव तितराला कुठे ठेवला म्हणजे रानातला त्याच्याशी भांडायला धावून येतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. फास लावणारे हात पुष्कळदा पुरुषाचे. पण तो वळणं, बोलका पक्षी सांभाळणं, मिळेल ते बाजारी नेऊन विकणं आणि नाही मिळालं तर घरोघर फिरून भाकरी आणणं, ही शिकारीची अर्धी बाजू बाईची. तुमच्या मांडवात बसलेल्या कुणालाही माळावरचा एक पायठसा दाखवून 'हा ससा कधी गेला' असं विचारून पाहा. उत्तर फक्त क्रमांक सातकडे असेल.

अशा बाईला तुम्ही ब्लाउज शिवायला बसवलंत. ठीक आहे, माणसाने नवं शिकावं. पण सावकार, तिच्याकडे ब्लाउज टाकणार कोण? पालावर वीज नाही, पायाने चालवायचं म्हटलं तर सपाट जमीन नाही. हे सगळं एक वेळ जमवता येईल. पण दुधनीतली कुठली घरंदाज बाई आपलं कापड पारधिणीच्या पालावर ठेवून येणार आहे? मशीन देऊन आता बरेच महिने लोटले. तुमच्या वाड्यावरून अजून एक फॉलसुद्धा तिच्याकडे लावायला गेलेला नाही. मालकीणबाईंचा शिंपी बाजारपेठेतलाच आहे, तो मलाही माहीत आहे. म्हणजे मशीन तुम्ही दिलंत, गिऱ्हाईक द्यायचं राहून गेलं. किरकोळ बाब आहे, चालायचंच.

गंमत अशी की शिकारी बाईला काय द्यावं, याचं ज्ञान माणसाला फार जुनं आहे. पेरू देशात टिटिकाका सरोवराच्या परिसरात, अँडीज पर्वतात, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. २०२० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरलेली व्यक्ती सतरा ते एकोणीस वर्षांची मुलगी, आणि तिच्या मांडीजवळ नीट रचून ठेवलेला शिकारीचा संच : दगडी भाल्यांची टोकं, कापायची पाती, कातडं खरवडायची हत्यारं, कातडं कमवायला गेरू. त्या डोंगरी लोकांकडे प्रतिष्ठान नव्हतं, फ्लेक्स नव्हता. तरी मेलेल्या पोरीला सोबत काय द्यावं हे त्यांना बरोबर कळलं, कारण जिवंतपणी ती काय करत होती हे त्यांनी पाहिलं होतं. तीनेक वर्षांनी दुसरा एक अभ्यास आला. शिकारीची माहिती असलेले ६३ समाज तपासले, त्यातल्या ५० समाजांत बायका शिकार करत असल्याच्या नोंदी निघाल्या. म्हणजे तुमची क्रमांक सात जगात एकटी नाही. एकटी फक्त तुमच्या स्टेजवर होती.

बरं, राजेलोकांचं पाहा. १६१७ साली जहांगीर बादशहासमोर नूरजहानने हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ पाडले. बादशहा खूश झाला. त्याने तिच्यावरून हजार अश्रफी उधळल्या आणि हिऱ्यांच्या पोहोच्यांची लाख रुपये किमतीची जोडी तिला दिली, असं त्यानेच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. भेट तशी निरुपयोगीच. हिऱ्याच्या पोहोचीने वाघ मरत नाही. पण जहांगीर निदान तिच्या नेमाबद्दल बक्षीस देत होता. नेम सोड आणि काज-बटण शिक, असं तो म्हणाला नाही.

आणि आपल्या जिल्ह्याचा दाखला तर तुम्हाला पाठ असायला हवा. हातावर ससाणा घेऊन घोड्यावरून शिकारीला निघालेली चांदबीबी दख्खनच्या चित्रकारांनी पुन्हा पुन्हा रंगवली. तालिकोटच्या लढाईच्या थोडं आधी, १५६४च्या सुमारास, अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने ही आपली लेक विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा आंदण म्हणून काय दिलं? सोलापूरचा किल्ला. किल्ला अर्थात जावयाच्या ताब्यात गेला, लेकीच्या नावावर सातबारा झाला नाही. ती रीत अजून चालूच आहे. तरीही सावकार, ज्या जिल्ह्यात शिकारी बाईमागे एकदा अख्खा किल्ला आंदण गेला, त्याच जिल्ह्यात तुम्ही मशीनसोबत स्टीलची पाण्याची बाटली दिलीत. वर तुमचा फोटो. बाटलीत पाणी भरलं की चेहरा थोडा फुगल्यासारखा दिसतो, एवढीच तक्रार आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग द्यायचं काय? थांबा. समजा, तुम्ही जगाच्या बाजारात हिंडून शिकारी बाईला उपयोगाच्या वस्तू खरंच शोधल्या असत्या. ज्या देशांत परवाना काढून शिकार करतात, तिथे अशा बाईच्या वाढदिवसाला काय देतात हे दुकानदार घडाघडा सांगतो : चांगल्या पोलादाचा चाकू, मजबूत दोर, डोक्याला बांधायची बॅटरी, दुर्बीण, काट्यातून चालायचे बूट, जेवणाचा गरम राहणारा डबा. सगळ्या सोयीच्या, टिकाऊ, विचार करून निवडलेल्या वस्तू. अशी एक पिशवी भरून तुम्ही क्रमांक सातच्या हाती दिली असतीत, तर पुढे काय झालं असतं?

मी सांगतो. अर्ज लिहितो तसे पंचनामेही पुष्कळ वाचलेत मी. चाकू म्हणजे 'धारदार हत्यार'. दोर म्हणजे 'घरफोडीचं साहित्य'. रात्री बॅटरी म्हणजे 'संशयास्पद हालचाल'. दुर्बीण म्हणजे तर साक्षात टेहळणी. बूट कुणाचे चोरले, हा वेगळा तपास. त्यात पाच माणसं एका पालापाशी बसलेली असली आणि स्वयंपाकाची मिरची पूड सापडली, की 'दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद' ही बातमी पूर्ण. तुमच्या घरात हीच सहा साधनं आहेत, शिवाय मिरची पूड किलोवारी आहे. तुमच्याकडे ती संसाराची वस्तू असते, तिच्याकडे आली की मुद्देमाल होते. तुमच्या आणि तिच्या चाकूत फरक पोलादाचा नाही. तुमच्या चाकूमागे पत्ता आहे, पावती आहे, नाव आहे.

तुम्ही दिलेल्या शेळीचंच घ्या. मशीनबरोबर तुम्ही दोघींना शेळ्याही दिल्या होत्या, फोटो छान आला होता. पुढच्या बाजाराला एक जण ती शेळी घेऊन रस्त्याने निघाली तर तिला अडवून विचारलं, 'कुठून उचलली?' तिने तुमचं नाव सांगितलं. 'पावती दाखव' म्हणाले. पावती तुमच्या हिशेबनिसाच्या फाइलीत, ऑडिटसाठी. शेळी दिवसभर झाडाखाली बांधून राहिली, बाई तिच्या शेजारी. संध्याकाळी कुणा ओळखीच्या माणसाने फोनवर शब्द टाकला तेव्हा दोघी सुटल्या. सावकार, पारध्याला जनावर देताना जनावराआधी पावती द्यायची असते. हे तुम्हाला सुचलं नाही, कारण तुम्हाला आयुष्यात कुणी शेळीची पावती विचारलेली नाही.

आता सरकारने या बाईला काय काय भेटी दिल्या तेही बघून घ्या, म्हणजे तुमची भेट कुठल्या रांगेत बसते ते कळेल. पहिली भेट १८७१ची : गुन्हेगार जमाती कायदा. जन्मल्याबरोबर गुन्हेगार, वाढदिवसाची वाट बघायला नको. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. गावोगाव हजेरी, बाहेर पडायचं तर पास. सोलापुरात गिरण्यांच्या सोबतीला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली. आत राहायचं, गिरणीत राबायचं, हजेरीला उभं राहायचं. स्वातंत्र्य आल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ला देशभरातून हा कायदा गेला. मग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. महाराष्ट्रात लागू असलेला त्यातला १९५९चा. मग १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यातही सुरुवातीला लहान शिकारीचे आणि जाळं-फास लावण्याचे परवाने मिळायची सोय होती. १९९१च्या दुरुस्तीने तीही संपली. आता फाशात तितर सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर दंड लाखापर्यंत.

गैरसमज नको. तितर वाचावेत, काळवीट वाचावं, हे मलाही पटतं. कायदा चुकीचा म्हणत नाही मी. एवढंच म्हणतो की एका समाजाचा पिढीजात धंदा ज्या दिवशी गुन्हा ठरवला, त्या दिवशी त्याच्या जागी काय ठेवायचं याचा विचार कुणीतरी करायला हवा होता. बरीच वर्षं विचार चालला असावा, आणि शेवटी दुधनीच्या मार्केट यार्डाजवळ त्यातून शिलाई मशीन निघालं.

आपल्याच जिल्ह्यात, नान्नजच्या माळावर, १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य केलं. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, देशातल्या मोठ्यांपैकी एक. त्यात गावं, शेतं, रस्ते, सगळंच आलं. पुढे ते पुष्कळच लहान करावं लागलं. आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. माळ कुणी खाल्ला? फास लावणाऱ्या बाईने? माळावर ऊस आला, विजेच्या तारा आल्या, प्लॉटिंग आलं. त्यातलं थोडं प्लॉटिंग तुमच्या ओळखीच्या माणसांचं आहे. त्यांना अजून कुणी पुनर्वसनासाठी शिलाई मशीन दिलेलं ऐकलं नाही.

आता येतो माझ्या धंद्याच्या गोष्टीकडे, म्हणजे कागदाकडे. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'पारधी' या नोंदीखाली फासेपारधी, लंगोली पारधी, चिता पारधी, टाकणकार अशी नावं आहेत, आणि त्यातच 'शिकारी' असंही एक नाव आहे. म्हणजे शिकारी असणं ही सवलतीची पात्रता. शबरी घरकुल, आश्रमशाळा, शिष्यवृत्ती, सोलापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पातल्या योजना, या सगळ्यांचं दार तो एक दाखला उघडतो. तो मिळवायला काय लागतं? अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखेआधी आपलं घराणं या राज्यात होतं याचा पुरावा. शाळेचा दाखला चालेल, जमिनीची नोंद चालेल, जन्म-मृत्यूची नोंद चालेल.

सावकार, विचार करा. ज्याला गावात तीन रात्रींवर मुक्काम करू देत नव्हते, त्याच्या आज्याने १९५०पूर्वी कुठल्या शाळेत नाव घालायचं होतं? जमीन कुठली विकत घ्यायची होती? ज्या सरकारी वहीत त्याचं नाव असण्याचा संभव होता, ती एकच : हजेरीची. आज ती वही शोधायला मी माणसं पाठवतो. ज्या नोंदीने आजा गुन्हेगार ठरला, त्याच नोंदीने नातू आदिवासी ठरावा म्हणून.

पुढे पडताळणी. समितीचे लोक चौकशीला येतात तेव्हा कागद कमी पडला की माणसाला विचारतात : तुमचा देव कुठला, लग्नात काय करता, मयताला काय करता, घरात बोली कुठली, परंपरागत धंदा कुठला, तो कसा करतात. म्हणजे इथे बाईने फास कसा लावतात ते बिनचूक सांगायचं, नाहीतर दावा खोटा. आणि तेच बिनचूक उत्तर वनखात्याच्या माणसासमोर दिलं तर गुन्हा कबूल. एका टेबलावर तिला शिकार येत असल्याचं सिद्ध करायचं, दुसऱ्या टेबलावर येत नसल्याचं. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असली 'आप्तभाव चाचणी' ही काही अंतिम कसोटी नव्हे; चांगलंच झालं. पण न्यायालयाचा निकाल दिल्लीहून दुधनीच्या पालावर कोण घेऊन येणार? रेल्वे थांबते, पण निकाल उतरत नाही.

त्यात आपण सीमेवरचे. तुमची तूर पलीकडून येते, गाणगापूरचा देव पलीकडे, माझी बायको घरात कानडी बोलते. दुधनीत ही रेघ कुणाच्या पायाला लागत नाही. क्रमांक सातचं माहेर आळंद तालुक्यातलं. तिकडे याच लोकांना हरणशिकारी म्हणतात. लग्न होऊन ती चार कोसांवर आली आणि परराज्यातली झाली. एका राज्यातल्या जमातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच ठरवून टाकलंय. तिची जात बापाकडून, बाप कर्नाटकात. पोरांची जात नवऱ्याकडून, नवऱ्याच्या आज्याचा कागद नाही. एका पालात चार माणसं आणि सरकारी हिशेबात त्यातलं कुणीच कुठल्या जमातीचं नाही. फक्त चोरी झाली की रात्री दोन वाजता सगळ्यांना त्यांची जमात बरोबर सापडते.

म्हणून सावकार, यंदाच्या उपयोगी भेटींची यादी मी स्वतःच तयार केली आहे. तुमचा वेळ वाचेल.

पहिली भेट, एक अर्ज. जुना पुरावा नसेल तर स्थानिक चौकशी करून दाखल्याचा निर्णय घ्यायची सोय नियमांत आहे. ती चौकशी मागावी लागते, आणि चौकशीला आलेल्या माणसासमोर 'होय, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, मी ओळखतो' असं सांगणारं गावातलं वजनदार तोंड लागतं. तुमचे वडील आणि तिचा सासरा एकाच माळावर लहानाचे मोठे झाले. तुमच्या खळ्याची राखण तिच्या सासऱ्याने केली, हे तुम्हीच एकदा भाषणात सांगितलंत, टाळ्याही मिळाल्या. तेच वाक्य प्रतिज्ञापत्रावर लिहून सही करा. टाळ्या मिळणार नाहीत.

दुसरी भेट, पत्ता. घरकुलाला जागा लागते आणि जागेला मालक लागतो. तुमच्या नव्या लेआउटमध्ये कोपऱ्यातला तो तिरका तुकडा कुणी घेत नाही म्हणे. चांदबीबीच्या बापाने किल्ला दिला. तुम्ही एक गुंठा द्या. वास्तुदोषाची चिंता नको, पालाला दिशा नसते.

तिसरी भेट, पावत्या. शेळी द्याल तर तिच्या नावाची पावती, मोबाइल द्याल तर तिच्या नावाचं बिल, भांडी द्याल तर दुकानाचा शिक्का. फोटोचा खर्च वाचवलात तर एवढं सहज बसेल.

चौथी भेट, एक छापील पान. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदाच्या प्रकरणात निकाल दिला. त्यात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याबद्दल पोलिसांना ताकीद आहे. त्या परिच्छेदाचं मराठी आणि कानडी भाषांतर करून, लॅमिनेट करून, प्रत्येक पालावर एक टांगा. पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतं, आणि वर तुमचा फोटो छापला तरी माझी हरकत नाही. उलट छापाच. रात्री दोनला आलेल्या माणसाला तो दिसला तर जास्त उपयोग होईल.

पाचवी भेट, काम. तिला येतं त्याचं काम. हे काही मी नवं सांगत नाही. शाहू महाराज स्वतः नावाजलेले शिकारी, चित्ते पाळून काळविटामागे सोडणारे. १९१८ साली त्यांनी कोल्हापुरात हजेरीची पद्धत बंद केली, आणि ज्यांना सगळे चोर म्हणत त्या फासेपारध्यांना बोलावून कामं दिली, पहारे दिले, राहायला जागा दिली. शिकारी माणसाने शिकारी माणसाला ओळखलं. इकडे वाशिम-अकोल्याच्या बाजूला 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ आणि त्यातला तणमोर राखायला धडपडली. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलालगत पारधी तरुण पर्यटकांना घेऊन फिरतात आणि पायठसे वाचून दाखवतात. ज्या विद्येने पाखरू धरलं त्याच विद्येने ते मोजता येतं, राखता येतं. फक्त त्या विद्येला रोजगार ठरवून द्यावा लागतो. आपल्या तालुक्याच्या माळांवर खोकड आहे, लांडगा आहे, काळवीट आहे. त्यांची मोजदाद करायला बाहेरून पदवीधर येतात, गाडीत बसून. वाट दाखवायला शेवटी पारधीच लागतो, आणि त्याला चहा मिळतो.

एवढं लांब जायचं नसेल तर जवळचं सांगतो. तुमच्या तुरीच्या गोदामाची राखण क्रमांक सातकडे द्या. महिन्याच्या पगारावर, लेखी. रात्री कोण आलं, कुठल्या बाजूने आलं, अनवाणी आलं की चपला घालून, ओझं घेऊन गेलं की रिकामं, हे ती सकाळी जमिनीकडे बघून सांगेल. तुमचा सीसीटीव्ही पावसाळ्यात बंद पडतो. तिचा पडत नाही. तुम्ही हे वाचून हसलात, ते मला इथे बसून दिसतंय. पारधिणीच्या हाती गोदामाची किल्ली! बघा, इथेच सगळं आलं. तिच्यावर गोदाम सोडायला तुम्ही तयार नाही, बायको ब्लाउज टाकायला तयार नाही, आणि तरी तिने मशीनवर बसून स्वावलंबी व्हावं अशी तुमची जाहीर अपेक्षा आहे. वस्तू देणं सोपं असतं सावकार. वस्तूला विश्वास लागत नाही. सही करायला लागतो, जागा द्यायला लागतो, किल्ली द्यायला लागतो. म्हणून तुम्ही वस्तू देता.

येत्या ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनाला, तुम्ही पुन्हा मांडव घालणार असल्याचं कळलं. ब्लँकेटची ऑर्डर गेली म्हणतात. ती रद्द करता येते का पाहा. पाच प्रतिज्ञापत्रांचे मसुदे या पत्रासोबत जोडले आहेत. स्थानिक चौकशीच्या मागणीचा अर्जही आहे. तुमचं नाव, वय, धंदा, पत्ता मी भरून ठेवलाय. माझी फी माफ. कार्यक्रमाच्या दिवशी फोटोग्राफर सांगू नका, नोटरी सांगा.

आपला,
तहसील कचेरीबाहेरचा अर्ज लिहिणारा